‘चर्चा करावी’ शेऱ्याची फाईल आणि उशाशी ठेवलेला फोन

या वेळचं पत्र थोडं कापून देतेय, ओळख पटेल असं सगळं काढलंय.

“मॅडम, नमस्कार. मी ३९ वर्षांची, पुण्यातल्या एका सरकारी कार्यालयात १३ वर्षं कॉम्प्युटर विभागात आहे. नेटवर्क, फायरवॉल (बाहेरून येणारं नको ते अडवणारी भिंत), सर्व्हर ही माझी कामं आणि ती मला चांगली येतात. जूनपासून आमच्याकडे सायबर सुरक्षा कक्ष काढलाय आणि त्याचा चार्ज मला दिलाय, अतिरिक्त कार्यभार म्हणून. हाताखाली सात जण. चार एजन्सीची कंत्राटी मुलं, दोन परमनंट आणि एक काका, वय ५६, त्यांना वाटत होतं हे पद त्यांना मिळेल, ते माझ्याशी कामापुरतंही धड बोलत नाहीत. बॅकअपसाठी स्टोरेज घ्यायची फाईल चार महिन्यांपूर्वी पुटअप केली, ती ‘चर्चा करावी’ असा शेरा मारून परत आली आणि चर्चेला साहेबांना वेळ नाही. कंत्राटी मुलांतली दोघं दिवाळीनंतर हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत जायच्या तयारीत आहेत. मी दिवसभर मिटिंगा आणि टिपण्या करते, हाताने काम करायची सवय सुटतेय. सीआयएसएसपी हे सायबर सुरक्षेचं सर्टिफिकेट करू की एमबीए? की सरळ लिहून देऊ हा चार्ज नको म्हणून? रात्री फोन उशाशी ठेवून झोपते आणि दोन-तीनदा उठून बघते. नवरा म्हणतो एवढं काय त्यात. – एक वाचक, सिंहगड रोड”

तुला तू म्हणते हं, माझ्या धाकट्या बहिणीपेक्षाही लहान आहेस. ३१ वर्षं मी सरकारी कॉम्प्युटर विभागांत काढली, त्यातली शेवटची नऊ अगदी ह्याच खुर्चीवर, त्यामुळे तुझं पत्र वाचताना मधेच उठून पाणी प्यायले. तो ‘चर्चा करावी’ शेरा माझ्याही फाईलवर होता, हिरव्या शाईत.

आधी शेवटचा प्रश्न घेते. लिहून देऊ नकोस, निदान एक वर्ष तरी नको. तू सोडलंस तर तो चार्ज अशा कुणाकडे तरी जाईल ज्याला फायरवॉल म्हणजे काय हे एजन्सीवाला सांगेल तेवढंच माहीत असेल, आणि मग एजन्सीवाला सांगेल तेच होईल. तुझ्याकडे १३ वर्षांची समज आहे आणि रात्री उठून फोन बघण्याइतकी काळजी आहे. काळजीचं काय करायचं ते शेवटी सांगते.

आता मुख्य. तू विचारतेस सीआयएसएसपी करू की एमबीए. मी नऊ वर्षांत एकच गोष्ट शिकले बघ, आणि तीही मार खाऊन शिकले, की या खुर्चीवर बसणाऱ्याचं खरं काम म्हणजे वाईट बातमी आपल्यापर्यंत लवकर येईल अशी सोय करणं. बाकी सगळं, टेंडर, ऑडिट, पॉलिसी, त्याच्या नंतर. कारण हल्ला झाल्याचं सगळ्यात आधी प्रमुखाला कधीच कळत नाही गं, ते कळतं स्क्रीनसमोर बसलेल्या सगळ्यात ज्युनिअर मुलाला, नाहीतर आवक-जावकच्या टेबलावरच्या बाईंना, ज्यांना वाटतं ‘आज मशीन जरा स्लो चालतंय’. त्यांनी तुला सांगायला दहा मिनिटं घेतली की तीन दिवस, यावर तुझं पुढचं सगळं ठरतं.

माझ्याकडे तीन दिवस घेतले होते. २०१६ सालची गोष्ट, गणपतीच्या आदल्या आठवड्यातली. आमच्याकडे एक कंत्राटी मुलगा होता, बार्शीकडचा, २४ वर्षांचा, कामाला फार चांगला. सॉफ्टवेअरवाल्या कंपनीच्या माणसाला बाहेरून सपोर्ट द्यायचा होता म्हणून त्याने शुक्रवारी एका सर्व्हरचा रिमोट डेस्कटॉप (दुरून मशीन चालवायची सोय) इंटरनेटवर उघडा केला आणि संध्याकाळी बंद करायचा विसरला. सोमवारी सकाळी येऊन लॉग (मशीनमधल्या नोंदी) बघतो तर रात्रभर ४६२५, ४६२५, ४६२५ अशा शेकडो ओळी (या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको, ४६२५ म्हणजे लॉगिन फसलं) आणि मग पहाटे २ वाजून ४० मिनिटांनी एकच ४६२४. म्हणजे कुणीतरी आत शिरलं. त्याला ते कळलं. त्याने प्रिंट काढली, लाल पेनाने ती ओळ अधोरेखित केली, आणि प्रिंट घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली. गुरुवारी सकाळी तीन सर्व्हरवरच्या फायली उघडेनात आणि प्रत्येक फोल्डरमध्ये पैसे मागणारी चिठ्ठी, तेव्हा तो माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला आणि खिशातून तो कागद काढला. चार घड्या घातलेला, घामाने मऊ पडलेला, लाल रेघ पसरून गुलाबी झालेली. तीन दिवस तो कागद त्याच्या छातीवर होता आणि माझं केबिन त्याच्या खुर्चीपासून वीस पावलांवर.

मी त्याला विचारलं का नाही सांगितलंस रे. तो खाली बघत म्हणाला, मॅडम, मागच्या आठवड्यात तुम्ही त्या दुसऱ्याला सगळ्यांसमोर बोललात ना. आणि खरंच बोलले होते मी, एका पॅचमुळे (सॉफ्टवेअरच्या दुरुस्तीमुळे) वेबसाईट दीड तास बंद पडली म्हणून भर हॉलमध्ये आवाज चढवून बोलले होते, मी तर विसरूनही गेले होते, पण त्या हॉलमधल्या एकानेही विसरलं नव्हतं.

पैसे आम्ही दिले नाहीत. दोन सर्व्हर बॅकअपवरून उभे केले. तिसऱ्याचा बॅकअप रोज रात्री ‘यशस्वी’ असा मेल पाठवत होता, उघडून बघितला तर सात आठवडे रिकामं फोल्डर कॉपी होत होतं, कारण मधे डेटाची जागा बदलली आणि बॅकअपमधला पत्ता कुणी बदलला नाही. ते सात आठवड्यांचे अर्ज अकरा जणांनी तीन शनिवार-रविवार बसून कागदावरून परत भरले. मीही भरत होते. गणपती कधी आले कधी गेले कळलं नाही.

त्यानंतर मी दोन गोष्टी बदलल्या त्या तू उद्यापासून कर. एक, सोमवारी सकाळी दहा मिनिटं उभ्याउभ्याच, प्रत्येकाने गेल्या आठवड्यात आपलं काय चुकलं किंवा काय विचित्र दिसलं ते एका वाक्यात सांगायचं, आणि पहिली तू सांगायचीस. खरी चूक सांग, ‘मी जरा जास्तच काम केलं’ असली नको. सुरुवातीचे तीन-चार सोमवार कुणी काही बोलणार नाही, तरी चालू ठेव. दुसरं, जो आपली चूक स्वतःहून सांगेल त्याच्याबद्दल एजन्सीला तक्रार जाणार नाही हे नुसतं तोंडाने सांगू नकोस, पहिल्यांदा तसा प्रसंग येईल तेव्हा करून दाखव. लपवलं तर मात्र बोलायचं, पण तेही दार लावून, एकट्याला बसवून. यात मवाळपणा नाही. मी पुढची वर्षं याच्यावर काढली आणि एकदा तर रात्री साडेअकराला एका मुलाने फोन केला, मॅडम मी चुकून त्या लिंकवर क्लिक केलं, आणि बाराच्या आत ते मशीन नेटवर्कवरून काढलेलं होतं.

आता तुझे काका. त्यांचं दुःख खरं आहे हे आधी मान्य कर. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, पद मिळेल वाटलं होतं, आणि मिळालं सतरा वर्षांनी लहान बाईला. तू गोड बोलून, वाढदिवसाला केक आणून हे बदलणार नाही. त्यांच्याकडे असं एक काम घेऊन जा जे त्यांच्याशिवाय होणारच नाही, आणि असं काम तुझ्याकडे आहे: यादी. आपल्या कार्यालयात एकूण किती मशीन्स आहेत, कुठल्या टेबलाखाली आहेत, त्यावर काय चालतं, कुणाच्या नावावर आहे. तुला वाटेल हे स्टॉक रजिस्टरमध्ये आहेच, पण रजिस्टरमधली मशीन्स आणि प्रत्यक्षातली मशीन्स यांची गाठ कधी पडलेली नसते. काकांबरोबर एक वही घेऊन एकेक मजला चाल. एजन्सीचा नेटवर्कवरची मशीन्स शोधणारा स्कॅनर चालवशील तो वेगळा, त्यात बंद असलेली मशीन्स येत नाहीत आणि अमुक मशीन कुणी का ठेवलंय हे तर येतच नाही. आम्ही चाललो तेव्हा रेकॉर्ड रूममध्ये एका लोखंडी कपाटामागे एक जुना पीसी सापडला, वर धुळीचा थर, पंखा घरघरतोय, विंडोज एक्सपी, आणि त्यावर चक्क पेन्शनच्या जुन्या केसेसचा डेटाबेस, रोज वापरात. कुठल्याच यादीत नव्हता. तो कुणी बसवला हे फक्त आमच्या एका काकांना माहीत होतं कारण त्यांनीच २००७ साली बसवला होता. विंडोज ७ चा सपोर्ट (कंपनीकडून सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं) जानेवारी २०२० मध्ये संपला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणजे तुझ्याकडे आज अशी किती मशीन्स असतील याचा विचार कर. जे आहे हेच माहीत नाही ते सांभाळणार कसं? ती यादी काकांच्या नावाने कर, वर त्यांचं नाव टाक, साहेबांसमोर त्यांनाच मांडायला सांग. ते लगेच हसून बोलायला लागतील असं मी म्हणत नाही, पण काम सुरू होईल आणि बोलणं कामामागून येतं.

फाईलकडे येऊ. तू त्या टिपणीत काय लिहिलं असशील मला अंदाज आहे, मीही तेच लिहायचे. एनएएस, टीबी, रेड, इम्युटेबल, तीन कोटेशनं. साहेबांना त्यातलं काही कळत नाही, आणि कळत नाही हे सांगता येत नाही, म्हणून ‘चर्चा करावी’. तो शेरा नकार नसतो गं, त्याचा अर्थ ‘मला समजेल असं सांगा’ इतकाच. टिपणी परत लिही, अर्ध्या पानाची, साधारण अशी:

‘सध्या कार्यालयाच्या सर्व माहितीची राखीव प्रत मूळ सर्व्हरच्याच खोलीत आहे. आग लागल्यास, पाणी शिरल्यास किंवा सायबर हल्ला झाल्यास दोन्ही प्रती एकाच वेळी नष्ट होऊन नागरिकांना दाखले देण्याचे काम किमान इतके दिवस बंद राहील. (अ) वेगळ्या ठिकाणी प्रत ठेवण्यासाठी साधनसामग्री खरेदी करण्यास मान्यता द्यावी, किंवा (ब) सदर जोखीम कार्यालयाने स्वीकारल्याबाबत आदेश व्हावेत.’

‘इतके दिवस’च्या जागी खरा आकडा हवा, तो कसा काढायचा ते पुढे सांगते. आणि (ब) मुद्दाम लिही. यात धमकी काही नाही, जोखीम घ्यायचा अधिकार खरंच त्यांचा आहे, तुझा नाही. तू आत्तापर्यंत ती जोखीम स्वतःच्या डोक्यावर घेऊन झोपत होतीस, म्हणून तर झोप येत नाही. ती जिथली आहे तिथे लेखी पोचव. माझ्या अनुभवात (ब) वर सही कुणी करत नाही, (अ) वर करतात नाहीतर रक्कम कमी करून परत मागवतात, आणि परत मागवली म्हणजे चर्चा सुरू झाली. फाईल टाकताना लेखाशीर्ष कुठलं आणि या वर्षी त्यात पैसे शिल्लक आहेत का हे अकाउंट्सच्या माणसाला आधी विचारून घे, मार्च एण्डला धावपळ नको.

सोबत एक पान जोड. दिल्लीच्या एम्स रुग्णालयाचं २०२२ चं प्रकरण. त्या नोव्हेंबरात रॅन्समवेअर (फायलींना कुलूप घालून पैसे मागणारं सॉफ्टवेअर) घुसलं, पाच सर्व्हर बाधित झाले, सुमारे १.३ टीबी डेटा एन्क्रिप्ट झाला, आणि जवळपास दोन आठवडे ओपीडी, ॲडमिशन, रिपोर्ट सगळं कागदावर चाललं. कारण काय ते सरकारनेच संसदेत सांगितलं, नेटवर्कचे नीट भाग पाडलेले नव्हते. किंवा अमेरिकेतलं बाल्टिमोर शहर, मे २०१९. हल्लेखोरांनी १३ बिटकॉइन मागितले, तेव्हाचे साधारण ७६ हजार डॉलर, शहराने दिले नाहीत आणि देऊही नयेत, पण सगळं परत उभं करायला आणि बुडालेला महसूल धरून १८ दशलक्ष डॉलरच्या वर खर्च अंदाजला गेला. साहेबांना ही भाषा कळते. खिडकीवर किती माणसं किती दिवस परत जातील, हे त्यांना आपल्याइतकंच टोचतं, फक्त आपण ते त्यांना कधी सांगत नाही.

आणि पुण्यात बसून ‘बॅकअप त्याच खोलीत’ हे मला सहनच होत नाही. माझी आई लग्नाआधी नारायण पेठेत राहायची. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा वाड्यातल्या खालच्या दोन्ही खोल्यांतलं सगळं गेलं, आजोबांनी घराची कागदपत्रं एका पेटीत आणि त्यांच्या नकला दुसऱ्या पेटीत ठेवल्या होत्या, आणि दोन्ही पेट्या एकाच माळ्याखाली शेजारी शेजारी. आई शेवटपर्यंत त्या दोन पेट्यांबद्दल बोलायची.

आता तो आकडा. एका शनिवारी, ऑफिस बंद असताना, दोन मुलांना घेऊन बस आणि सगळ्यात महत्त्वाचा एक सर्व्हर बॅकअपवरून वेगळ्या मशीनवर उभा करून बघ. खऱ्या सर्व्हरला हात लावायचा नाही. घड्याळ लाव. किती वेळ लागला, पासवर्ड कुणाकडे होता, लायसन्सची की सापडली का, शेवटी एक अर्ज उघडून बघितला तर त्यातली जोडलेली कागदपत्रं उघडतात का. ‘बॅकअप यशस्वी’ असा मेल म्हणजे बॅकअप नव्हे, उघडलेली फाईल म्हणजे बॅकअप. पहिल्या खेपेला बहुतेक होणारच नाही, आणि ते शनिवारी कळलेलं बरं. त्यातून जो काळ निघेल तो आकडा टिपणीत जाईल.

हल्ल्याच्या दिवशी काय करायचं याचीही तालीम लागते. तू भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका बघितल्या असशील, ती मुलं पाऊण-एक तासाच्या प्रयोगासाठी दोन-दोन महिने तालीम करतात, आणि आपण मात्र समजतो की खरा प्रसंग आला की सगळ्यांना आपापलं काम आपोआप सुचेल. दर तीन महिन्यांनी दोन तास कागदावरची तालीम कर. गोष्ट सांग: शनिवार आहे, संध्याकाळचे पाच, फायली उघडत नाहीत असा फोन आलाय. आता पुढे? कुणी कुणाला फोन करायचा, तो उचलला नाही तर कुणाला, अख्ख्या कार्यालयाचं इंटरनेट तोडायचं ठरवणार कोण, वर्तमानपत्रवाल्याचा फोन आला तर बोलणार कोण.

शनिवार उगाच म्हणत नाहीये. आपल्याच शहरातलं कॉसमॉस बँकेचं प्रकरण आठवतंय ना, ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. एटीएमचे व्यवहार मंजूर करणाऱ्या स्विचमध्ये मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) घुसवून २८ देशांतल्या एटीएममधून काही तासांत पैसे काढले गेले, आणि सोमवारी १३ तारखेला स्विफ्टमधून (बँकांच्या आंतरराष्ट्रीय व्यवहारांच्या यंत्रणेतून) १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगला वळवले. सगळे मिळून ९४ कोटींच्या वर. सुट्टी बघूनच येतात ही माणसं. आणि तुझ्याकडे वेळ किती? सर्ट-इन या सायबर घटना हाताळणाऱ्या केंद्राच्या संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची, सरकारी कार्यालयांनासुद्धा हे लागू आहे, आणि लॉग १८० दिवस जपून ठेवायचे. आता तुझ्या कार्यालयात सहा तासांत एखादं पत्र तरी सहीला जाऊन परत येतं का? नाही ना. म्हणून आजच एक आदेश काढून घे की सर्ट-इनला कळवायचा अधिकार तुला आहे, तू नसशील तेव्हा अमक्याला, आणि साहेबांना त्याच वेळी फोन करून सांगायचं, त्यांच्या सहीची वाट बघायची नाही. जून २०२३ च्या सर्ट-इनच्या मार्गदर्शक सूचनांत सरकारी संस्थांनी मुख्य माहिती सुरक्षा अधिकारी नेमावा असं आहेच, तो आधार घे, आणि ‘अतिरिक्त कार्यभार’ऐवजी रीतसर नेमणूक माग. हक्काने माग.

एवढं एक त्या तालमीत घोटून घे: मशीन बंद करायचं नाही, फक्त लॅनची (नेटवर्कची) वायर काढायची. घाबरला की माणूस आधी बटण दाबतो, आणि मेमरीत जे काही पुरावे असतात ते जातात. आणि एकाने काहीही न करता फक्त वहीत वेळ लिहीत बसायचं, ५.१० ला काय दिसलं, ५.२५ ला कुणाला फोन केला. ती वही नंतर सोन्याच्या मोलाची होते. आणि तू स्वतः त्या वेळी कीबोर्डला हात लावायचा नाहीस. हे तुला सगळ्यात जड जाईल, मला गेलं. हात शिवशिवतात, मुलाची टायपिंग हळू वाटते, ‘सरक जरा’ म्हणावंसं वाटतं. पण तू स्क्रीनमध्ये डोकं घातलंस की फोन कोण घेणार, साहेबांना कोण सांगणार, पुढचा अर्धा तास कशावर घालवायचा हे कोण ठरवणार.

यातच तुझ्या त्या भीतीचं उत्तर आहे, हाताने काम सुटतंय म्हणून. सुटू दे थोडं. आठवड्यातले दोन तास मात्र कॅलेंडरवर धरून ठेव, बुधवारी दुपारी समज, फायरवॉलचे नाहीतर डोमेन कंट्रोलरचे (सगळ्यांची लॉगिनं तपासणाऱ्या सर्व्हरचे) लॉग स्वतः उघडून वाच, कुणाला विचारायचं नाही. एवढ्याने समज शाबूत राहते, आणि एजन्सीचा माणूस काहीतरी गोल गोल सांगायला लागला की तुला कळतं. मला तरी तेवढंच पुरलं.

सर्टिफिकेटचं लवकर उरकते. एमबीए नको, त्याला लागणारी दोन वर्षं तुझ्याकडे नाहीत. सीआयएसएसपी चांगलं आहे, त्याला लागणारा पाच वर्षांचा अनुभव तुझ्याकडे बहुधा आहे, पण पुढच्या वर्षी कर, आत्ता नको, आत्ता ते अभ्यासाच्या नावाखाली पळणं होईल. त्याआधी दोन गोष्टी. केंद्राचा ‘सायबर सुरक्षित भारत’ कार्यक्रम २०१८ पासून चालू आहे, सरकारी सुरक्षा अधिकाऱ्यांसाठीच आहे, त्यात नाव घाल, तिथे दुसऱ्या खात्यांतली तुझ्यासारखी माणसं भेटतील आणि त्यांचे फोन नंबर कुठल्याही पुस्तकापेक्षा उपयोगी. आणि बाणेर रोडला यशदामध्ये, राज्य सरकारच्या प्रशिक्षण संस्थेत, वित्तीय नियमांचं, खरेदीचं काही ट्रेनिंग असेल तर बिनदिक्कत जा. सुरक्षेचा काय संबंध म्हणशील, पण तुझं निम्मं काम खरेदीत अडकतं आणि ज्याला नियम माहीत असतो त्याला क्लार्क अडवत नाही.

मुलं जाणार. हे धरूनच चाल. हिंजवडीत, खराडीत जो पगार मिळतो तो तू देऊ शकत नाहीस, एजन्सी तर देणारच नाही, आणि त्यांच्या घरी हप्ते आहेत, त्यांच्यावर रागावू नकोस. तू काय देऊ शकतेस ते बघ. टिपणीत ‘सदर काम अमुक यांनी केले’ असं नाव घालून लिही, पोरं त्याचा फोटो काढून घरी पाठवतात, मी बघितलंय. मिटिंगला बरोबर ने, मागे बसू दे. साडेसहाला घरी सोड. आणि प्रत्येक काम दोघांना आलंच पाहिजे असं बघ, म्हणजे एक गेला तर दुसरा शिकवायला असतो. शेवटच्या दिवशी चहा-सामोसे होऊ देत, पण त्याच संध्याकाळी त्याची सगळी खाती बंद, व्हीपीएन (बाहेरून नेटवर्कमध्ये यायची वाट) बंद, तो वापरत असलेले सामायिक पासवर्ड बदललेले. त्याच्यावर अविश्वास म्हणून नाही, उद्या काही झालं तर त्याच्यावर बोट जाऊ नये म्हणून. हे त्याला आधीच समजावून सांग, पटतं. तो बार्शीचा मुलगा दीड वर्षाने गेला, आता मोठ्या पदावर आहे, दर दिवाळीला फोन करतो.

राहिला फोन. तुझ्या नवऱ्याला म्हणावं, त्यात बरंच काही आहे, पण ते सगळं हिच्या एकटीच्या उशाशी असायचं कारण नाही. रात्रीची पाळी लाव. सात रात्री, सात माणसं नाही म्हणत, कंत्राटी मुलांना ठरलेल्या वेळेबाहेर बसवायचं तर एजन्सीच्या करारात तसं लिहून पैसे द्यावे लागतील, ते टिपणीत घे. सध्या तू, ते दोन परमनंट आणि काका, चौघं. काकांना विचार, गृहीत धरू नकोस, पण विचार, मला वाटतं ते हो म्हणतील, कारण पाळीवर नाव असणं म्हणजे भरवसा आहे हे ३० वर्षं नोकरी केलेल्या माणसाला कळतं. ज्याची पाळी त्याच्याकडे एकच कार्यालयीन मोबाईल, तोच नंबर सगळ्या खात्यांना दिलेला. त्याने तुला कधी उठवायचं याच्या तीन-चार ठळक खुणा एका कागदावर लिहून दे: फायली उघडत नाहीत, रात्री अपरात्री ॲडमिनचं लॉगिन, वेबसाईटवर भलतंच पान, बाहेर डेटा जातोय असं दिसणं. बाकीचं सकाळी. तक्ता छापून कक्षाच्या दारामागे लाव, आणि तुझ्या नावापुढे आठवड्यातल्या दोनच रात्री ठेव. उरलेल्या पाच रात्री तुझा फोन हॉलमध्ये चार्जिंगला लाव, रिंग चालू ठेव, पाळीवाल्याचा फोन आला तर ऐकू येईल, पण उठून बघायला जाऊ नकोस. पहिला आठवडा झोप येणार नाही, मलाही आली नव्हती. महिन्याभराने मला लिही, टिपणीवर काय शेरा आला तेही कळव, आणि त्या शनिवारी सर्व्हर उभा राहिला का तेही.